मेंदीचे हात

ऑर्ली : आजी, थांबव का म्हणालीस? खून तर आत्ता होणार आहे.

एलिझाबेथ : मागे घे. ती बाटली उचलते ना, तिथपर्यंत. हां, बस. हे माझे हात.

ऑर्ली : आय नो! म्हणून तर डीव्हीडी मागवला. रविवारी इल्फर्डच्या हॉलमध्ये आपले सगळे मराठी ज्यू लोक बघणार, आणि तू चीफ गेस्ट. सिक्स्टीजच्या ब्रिटिश पिक्चरमध्ये माझा आजी.

एलिझाबेथ : अगं, पण मी औषध देत होते.

ऑर्ली : औषध नाही, आजी. पॉयझन आहे. ती इंडियन नर्स सगळे पेशंट मारते. मला पण माहीत नव्हता, मी पण आत्ताच बघते.

एलिझाबेथ : काहीतरीच काय. मला म्हणाले, आजारी म्हाताऱ्याला औषध पाजायचंय. मी वॉर्डात पाजायचे तसंच पाजलं. बाटली हलवली, लेबल वाचलं, चमचा पुसून घेतला. डायरेक्टर म्हणाला, लव्हली.

ऑर्ली : पण फेस तुझा का नाही?

एलिझाबेथ : फेस त्या बाईचा. गोरीपान होती, तोंडाला चॉकलेटी रंग फासून बसायची. हातांनाही फासलेला, पण तो बाटलीला लागायचा. म्हणून स्टुडिओवाले आमच्या मेट्रनकडे आले, एक इंडियन नर्स द्या म्हणाले. माझं नुकतंच इथे लंडनला लग्न झालेलं. आईनं मुंबईहून मेंदी पाठवली होती, ती अजून हातावर होती. मी आपलं विचारलं, मेंदी चालेल का? तर सगळे खूश.

ऑर्ली : आजी, पुढचा नको बघू.

एलिझाबेथ : लाव.

ऑर्ली : ऐकलंस? इन्स्पेक्टर म्हणतो, हे लोक मारायच्या आधी हात रंगवतात.

एलिझाबेथ : असं म्हणतो तो? मेंदीच्या रात्री बायका माझ्याभोवती बसून गात होत्या गं. सासूबाईंनी स्वतः पहिलं बोट लावलं. आणि हा मेला म्हणतो, मारायच्या आधी.

(राफाएल चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून येतात.)

राफाएल : बंद करा ते. चहा घ्या आधी.

एलिझाबेथ : अहो, तुम्ही हा पिक्चर बघितला होतात. लागला तो शुक्रवारी, शब्बाथ म्हणून आपण गेलो नाही. मग माझी ड्युटी लागली नि तुम्ही एकटेच जाऊन आलात. घरी येऊन मला काय म्हणालात?

राफाएल : म्हटलं, हात छान दिसतात.

एलिझाबेथ : एवढंच?

राफाएल : खोटं नव्हतं ते. तू किती खुशीत होतीस. पेणला आत्याला कळवून मोकळी झाली होतीस. काय सांगणार होतो तुला? थिएटरात माझ्या शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. मी हात कोटाच्या खिशात घालून बाहेर पडलो.

ऑर्ली : आजोबा, फोर्टी इयर्स तुम्ही काहीच नाही बोलला? ती सगळ्यांना सांगते, मी पिक्चरमध्ये औषध दिलं. प्रत्येक लग्नात सांगते. तुम्ही बाजूला बसून हसता.

राफाएल : बाळा, एकदा राहिलं की राहूनच जातं.

ऑर्ली : मी रविवारचा प्रोग्राम कॅन्सल करते. सगळ्यांना फोन करते.

एलिझाबेथ : मुळीच नाही. बोलावलंय तर दाखव. मेंदी म्हणजे काय, ते मी उभी राहून सांगेन. लाज मला कशाला? पण अहो, तुम्ही जरा बसा. पिक्चर लागला त्याच हिवाळ्यातलं विचारायचंय.

राफाएल : एलिझाबेथ, जाऊ दे ना.

एलिझाबेथ : वॉर्डातल्या म्हाताऱ्या माझ्या हातचं औषध घेईनात. दुसऱ्या नर्सला पाठवा म्हणायच्या. एक तर ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड फिरवायची. मी घरी येऊन रडले होते. विचारलं होतं तुम्हाला, माझं काय चुकतंय? आठवतं?

राफाएल : आठवतं.

एलिझाबेथ : काय म्हणालात?

राफाएल : म्हटलं... तुझे हात गार असतात, म्हणून असेल.

एलिझाबेथ : हो. तेव्हापासून मी आधी वॉर्डातल्या गरम रेडिएटरवर हात शेकायचे, मग औषधाची बाटली उचलायचे. रिटायर होईपर्यंत.