मी रचलेलं वाक्य

तंबाखू मळायचं थांब रे, आधी हे ऐक. तेव्हा मीही खायचो. त्र्याऐंशी साली वर्सोव्याच्या कोळणींना मी तोंडाचा कॅन्सर ओळखायला शिकवत होतो. पुढे त्याच घरोघर तपासायला जाणार होत्या. त्यांना बजावलं होतं, "संशय आला तरी चेहरा पडू द्यायचा नाही. हसून म्हणायचं, घाबरू नका, एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवून घेऊ."

सरावाला मी माझंच तोंड उघडलं. त्यांच्यातल्या हिराने आत बॅटरी मारली.

"काय रे मास्तर, दात कधी घासतोस की नाही?"

सगळ्या खिदळल्या. मग बॅटरी डाव्या गालाशी थांबली, ती हलेचना. हिराने ती बंद केली आणि गोड हसली.

"घाबरू नका मास्तर, एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवून घेऊ."

खिशातली तंबाखूची पुडी तिथल्या तिथे फेकली, यार. धीर यावा म्हणून मीच रचलं होतं ते वाक्य!