उबिनचा ग्रुप फोटो

फोटोच्या वेळी मी स्वतःच कॅमेरा धरतो, म्हणून हसता ना तुम्ही? मग ऐका.

सिंगापूरला पासिर रिस भागात राहायचो तेव्हा आम्ही दहा-बारा मराठी घरांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. रविवारी मुलांना झाडाझुडपांत न्यायचं, माती दाखवायची. आणि मराठी बोलणारा कुणी दिसला की त्याला ओढून आणायचं, हा माझा नियम.

एकदा उबिन बेटावर गेलो. तिथे गवत कापणारा एक मुलगा मशीन बंद करून फोनवर म्हणत होता, "आई, गोळी घेतलीस का?"

मी उडालोच. "कुठला रे तू?"

"उदगीरचा. नितीन."

धरूनच आणला त्याला. बायकोनं पोहे दिले. "दोन वर्षांनी खातोय, दादा," म्हणाला. पण पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला का, काँडोतला फ्लॅट कुठला, हे आमचे नेहमीचे प्रश्न त्याला विचारता येईनात.

निघताना फोटो ठरला. नितीननं अंगावरचं कामाचं केशरी जॅकेट काढलं, ओल्या हातानं केस बसवले. मला वाटलं, उकडत असेल. मी माझा फोन त्याच्या हातात दिला आणि मधोमध जाऊन उभा राहिलो.

"आलो का रे सगळे?"

त्यानं स्क्रीनकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हो सर. सगळे आले."

पोहे खाताना मी दादा होतो.