मागचं चाक कुणी मोजलं?

सन्माननीय अध्यक्ष आगारप्रमुख साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होणारे आपल्या वर्कशॉपचे दोरीवाले काका, काकू आणि हातातली कामं टाकून आलेले चालक, वाहक, मेकॅनिक बंधू-भगिनींनो,

‘हिला माइक देऊ नका, ही थांबायची नाही,’ असं वर्कशॉपवाले म्हणत होते म्हणे. खरं आहे. माझे ब्रेक उत्तम आहेत, पण आज लावणार नाही!

वीस वर्षांपूर्वी या आगारात मी एकटीच बाई चालक. मला दिलेली बस सारखी डावीकडे ओढायची. तक्रार लिहिली की पुढच्या चाकांचं अलाइनमेंट व्हायचं, मशीन ‘ठीक’ म्हणायचं, आणि मंडळी म्हणायची, ‘नाचता येईना, अंगण वाकडं!’ शेवटी कागद निघाला: सोमवारपासून बाईंना तिकीट खिडकीवर बसवा. सही कुणाची? साहेब, आज तुम्ही अध्यक्ष आहात, म्हणून सांगत नाही.

त्या दिवशी मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. बस चालवणं सोडून मला दुसरं काही नकोच होतं हो.

काकांनी पाहिलं आणि एवढंच विचारलं, ‘बाई, मागचं चाक कुणी मोजलं?’

कुणीच नाही! मागची चाकं वळतच नाहीत, त्यांना काय मोजायचं, ही आपली रीत. काकांनी बसच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणली, पट्टी लावली. मागची चाकं जोडणारा अॅक्सल उजव्या बाजूने मागे सरकून तिरका झालेला. त्याला जागेवर धरणारा, स्प्रिंगच्या पाट्यांमधला बोल्टच तुटला होता. मागची चाकं शेपूट उजवीकडे ढकलणार, मग तोंड डावीकडे वळणारच.

साहेबांना पटेना. काका म्हणाले, ‘मग साहेब, तुम्हीच चालवा की!’ धुलाईच्या ओल्या फरशीवरून साहेबांनी बस कोरड्या आवारात आणली. खाली उतरून बघतात तर काय, मागच्या चाकांचे ओले ठसे पुढच्यांना सोडून चार बोटं उजवीकडे! अख्ख्या वर्कशॉपने शिट्ट्या मारल्या.

साहेब कागद फाडायला निघाले. काकांनी अडवलं, ‘फाडू नका. त्यावरच लिहा.’ आणि साहेबांनी मोठ्या मनाने लिहिलं, ‘दोष बसचा. चालक उत्तम.’

आज इथे चौदा जणी बस चालवतात. सगळ्यांची परीक्षा मी घेतली आहे, आणि एकीलाही खिडकीवर बसवायची कुणाची छाती झालेली नाही.

आयोजकांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला, विशेषतः अध्यक्षांना, काही लागलं असेल तर पोटात घाला. आणि काका, तुम्हाला घरी सोडायला बस दारात उभी आहे. चालवणार मीच.