छपरावरची प्रीती

मंडळी, एक विचारू? मोकळा माणूस कोण? ज्याच्या पायात बेडी नाही, तो? एवढ्यात माना डोलवू नका! पायात बेडी नाही, दाराला कुलूप नाही, पोट भरलेलं आहे — आणि तरी माणूस जखडलेला! कशानं? ऐका तर!

आपल्या कोकणात, चौलच्या बाजूला, बेने इस्राएल मंडळी राहायची. धर्मानं ज्यू, भाषेनं आपल्यासारखीच. तेलाचे घाणे चालवायची. शनिवार विसाव्याचा, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गाव म्हणायचं शनवार तेली. त्यांतला एक एलोजी झिराडकर. अंगानं धिप्पाड, हातानं उदार, पण राग? अहो, घाण्याचा बैलसुद्धा त्याचं तोंड बघून चालायचा!

राग कुणावर? सख्ख्या थोरल्या भावावर! सामाजीवर! घराला घर लागून, मधे नुसतं कुंपण. भांडण कशाचं? जमिनीचं? नाही! दागिन्यांचं? छे! मलिद्याचं!

मलिदा म्हणजे गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे, त्यांचा प्रसादच म्हणा ना! घरच्या कार्यात सामाजीनं सगळ्यांना वाटला आणि एलोजीला दिला — सर्वांत शेवटी! झालं! बोलणं बंद! पेटीवाले, हसताय कसले? परवाच्या पंगतीत तुमच्या पानात जिलबी उशिरा पडली, तेव्हा काय बोलला होतात? सांगू?

वर्षं गेली. पण एलोजीच्या डोक्यात — घाण्यावर मलिदा, जेवताना मलिदा, प्रार्थनेला डोळे मिटले तरी समोर मलिदा! स्वतःच स्वतःला कंटाळला बिचारा.

अशात गावात कोचीहून एक हाखाम आले. हाखाम म्हणजे ज्ञानी गुरू. नाव शेलोमो, दाढी पोटापर्यंत. त्यांना एक गूढ साधना येत होती. देवाच्या नावाची अक्षरं मिटल्या डोळ्यांपुढे उजळायची, श्वास त्यांच्यावर ठेवायचा — आतले पाश गळून पडतात. एलोजी धावला.

"गुरुजी, मला मोकळं करा!"

"करू की. पण बसण्याआधी रोज मोठ्यानं म्हणायचं — मी माझ्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करीन. मग अक्षरं."

एलोजी घरी आला, मांडी घातली. "मी माझ्या शेजाऱ्यावर —" आणि हळूच, "सामाजी सोडून — स्वतःसारखी प्रीती करीन!"

त्या नावाचं पहिलं अक्षर योद. एवढंसं, जिऱ्याच्या दाण्याएवढं. एलोजी डोळे मिटून बघतो तो काय — योद नाही! सामाजीचं नाक!

परत गेला. "गुरुजी, डाव्या बाजूच्या शेजाऱ्यावर केली तर नाही का चालणार?"

"उजवीकडे कोण राहतो?"

एलोजी डोकं खाजवू लागला.

हाखाम म्हणाले, "मनात प्रीती नाही? नसू दे. हातांनी सुरुवात कर. त्याचं एखादं काम कर, आभाराची वाट न बघता. आमच्यात याला हेसेद म्हणतात. माया आधी हातात येते, मग मनात झिरपते."

आता, सामाजीच्या छपराची कौलं माकडांनी फोडली होती. त्याचे गुडघे धरलेले, शिडी चढवेना. पण कुणाला सांगेल? तोही झिराडकरच ना!

दुपारी सामाजी आडवा झाला. एलोजी काखेत कौलं मारून शिडीनं वर! दोन पावलं टाकली — आणि कडाड्! वासा मोडला! एक पाय थेट खाली, स्वयंपाकघरात, कालवणाच्या तोपावर लोंबकळतोय!

वहिनी मिल्काबाई किंचाळल्या, "चोर! चोर!" आणि गरम पळी — सप्पकन पोटरीवर! वर एलोजी ओठ चावतोय. ओरडावं तर ओळख पटते!

सामाजी लंगडत आला. पाय धरला. निरखला. "थांब गं, मारू नकोस. अंगठा बघ, आमच्या आबांसारखा वाकडा. एलोजी?"

अंगठा हळूच आत वळला.

"अरे एलोजी! वर काय करतोयस?"

"प्रीती!"

"कुणावर?"

"तुझ्यावर! दिसत नाही?"

"मला नुसता पाय दिसतोय!"

हसा, हसा! पण पुढे ऐका. सामाजीनं पाय सोडला नाही. आवाज उतरला. "एलोजी, तो मलिदा चुकून नव्हता राहिला. मुद्दाम शेवटी दिला मी. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तू फिरकला नाहीस. जळत होतो मी."

मंडळी, याच कबुलीसाठी एलोजी इतकी वर्षं दात-ओठ खात होता! आता त्यानं राग शोधला. छातीत शोधला, डोक्यात शोधला. नाहीच!

"दादा, यायला हवं होतं मी. पण आईला तसं बघवेना रे मला. दारापर्यंत येऊन परत जायचो."

सामाजीनं त्या पायावर कपाळ टेकलं. दोघे भाऊ रडतायत — एक छपरावर, एक चुलीपाशी! आणि मिल्काबाई? "रडा हो सावकाश! पण आधी तो पाय काढा, कालवणात माती पडतेय!"

पुढे हाखाम भेटले. "काय रे, अक्षरं उजळली?"

"बसलोच नाही, गुरुजी. दादाचं छप्पर शाकारतोय."

हाखाम खो खो हसले, दाढी कमरेला खोचली आणि कौलं द्यायला स्वतः शिडीपाशी उभे राहिले.

तर मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. खाली कशाला बघताय? प्रत्येकाच्या मनात एक नाव आलंय, मला इथून दिसतंय! त्यांनी आधी बोलावं म्हणून थांबलात? बसा थांबून, जखडलेले! नाहीतर आज उठा, त्या घरची कडी वाजवा, त्यांचं एक काम करा. दार नाही उघडलं, तर घाबरू नका — छप्पर आहेच! फक्त आधी वासे बघून घ्या!

म्हणा माझ्याबरोबर, मोकळ्या गळ्यानं — दयाळू देवा, आमची मनं मोकळी कर!