एकच कोरी तबकडी उरली

सून — वेगही कमी करून बघितला, आई. सोळावरून चारवर आणला. तरी तेच, फिल्म डिस्कवर उतरता उतरता मध्येच थांबते. तिसरी डिस्क फुकट गेली.

मी — मग सोड की नाद. त्या यंत्राच्या मनातच नाही.

सून — यंत्राला कुठलं आलंय मन? आतलं भिंग पुसलं, बाकीचं सगळं बंद ठेवलं, डिस्कचा दुसरा डबा आणला. आता एकच कोरी उरलीय. आणि उद्या सकाळी तुमचे चिरंजीव निघणार आत्यांकडे. त्या रोज फोन करून विचारतात, भावाची फिल्म झाली का म्हणून.

मी — वन्संना दिसतंय कुठे आता? डोळे तर गेले.

सून — म्हणूनच तर. त्यांना बघायचं नाहीये, बाबांचा आवाज ऐकायचाय. अकरा वर्षं झाली बाबांना जाऊन.

मी — किती झाली ते मला नको सांगूस.

सून — थांबा, कुठे अडलं ते यंत्र स्वतःच लिहून ठेवतं. ही बघा यादी. पहिली डिस्क, अकरा वीस, 'रद्द केले'. दुसरी, पावणेएक, 'रद्द केले'. तिसरी, चार दहा... आई, हा बिघाड नाहीच. कुणीतरी मुद्दाम थांबवलंय.

मी — विजेचं काहीतरी असेल.

सून — वीज गेली असती तर सगळंच बंद पडलं असतं. पावणेएकला मी अंघोळीला गेले होते. चार दहाला गच्चीवर कपडे काढत होते. घरात दुसरं कोण होतं?

मी — मांजर.

सून — आपल्याकडे मांजर नाही.

मी — शेजारचं येतं.

सून — आई.

मी — दुसरीपर्यंत शाळा झाली माझी. अक्षर धड लागत नाही, पण फुली बरोब्बर ओळखते. पाटीवर तेवढीच मिळायची. त्या फुलीवर दाबलं की काम थांबतं, हे तूच दाखवलंस मला.

सून — पण का? सकाळपासून मी स्वतःलाच शिव्या घालतेय!

मी — ऐकू येत होत्या. त्याही मलाच लागत होत्या. लाव ती फिल्म. शेवटाकडे ने. हे खिडकीपाशी बसलेत, पुढ्यात संत्र्याच्या फोडी आहेत, तिथे.

सून — एवढाच तुकडा माझा बघायचा राहिलाय. टेपवरून उतरत होता तेव्हा मी कणीक मळत होते.

मी — मी होते समोर.

(सून फिल्म सुरू करते. कपाटावर चालू राहून गेलेल्या कॅमेऱ्याचं चित्र. पडद्यावर फोन वाजतो.)

पडद्यावरची मी — हॅलो... हो वन्सं, मीच. झोपलेत हो ते. आत्ताच डोळा लागलाय. सांगते उठले की.

पडद्यावरचे हे — कुणाचा होता गं?

पडद्यावरची मी — चुकून लागला होता कुणाचा तरी. फोडी संपवा त्या.

पडद्यावरचे हे — आक्काचा आला तर मला दे हं. झोपलो असलो तरी उठव. आक्काशी बोलायचंय.

सून — बंद करू?

मी — कर. त्याच रात्री यांची शुद्ध गेली, तिसऱ्या दिवशी गेले. वन्संना अजून वाटतं, भाऊ झोपला होता. वर मलाच म्हणाल्या, बरं केलंस उठवलं नाहीस, तेवढीच विश्रांती मिळाली त्याला.

सून — तुम्ही असं का केलंत, आई?

मी — का म्हणे! पाच महिने अंथरुणाशी मी. औषधं मी, पाठ चोळायला मी. माझ्याशी दोन शब्द बोलायचे तर यांना धाप लागायची, आणि वन्संचा फोन आला की अर्धा अर्धा तास खिदळायचे. त्या दिवशी म्हटलं, आज नाही. आजच्या दिवस माझ्याशी बोला. एका फोनाने काय बिघडतंय, उद्या करतील की पुन्हा.

सून — मी तेवढं कापून टाकते. अर्ध्या मिनिटाचा तुकडा आहे, कुणाला पत्ता लागणार नाही.

मी — कापता येतं?

सून — येतं की. इथून इथपर्यंत.

मी — बाकीची सगळी बघितलीस ना तू? त्यात हे 'आक्का' म्हणतात कुठे?

सून — ...नाही. इथेच.

मी — वन्सं तेवढ्यासाठी तर जीव टाकतायत.

सून — मग तुमचंच बोलणं कापते. बाबांचं राहू दे.

मी — म्हणजे दुसऱ्यांदा मीच त्यांना झोपवलं म्हण की. घाल ती कोरी तबकडी. काहीएक कापू नकोस. आणि माझी खुर्ची जरा मागे ओढ, त्या फुलीपासून लांब.

सून — झालं. सुरू केलं. बावीस मिनिटं दाखवतंय.

मी — आता फोन लावून दे मला. तबकडी पोचायच्या आत वन्संनी माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

सून — आत्ता? या वेळेला आत्या झोपलेल्या असतात.

मी — असू दे. त्या उठेपर्यंत मी फोन धरून बसते.