उलाळ गाडी

कल्याणच्या खाडीवर नावेसाठी खोळंबलो होतो. पुढच्या उतारावर मिठाच्या गोणींनी भरलेली बैलगाडी उभी होती. शेजारी गाडीवान धाकू आणि त्याची दुसरी बायको कलावती.

“गाडी उलाळ झालीय. मागच्या भारानं जू उचललं जातंय, बैलांचे गळे आवळतायत.”

“म्हणूनच सांगतो, तू पुढं बस. भार सारखा होईल.”

“त्यापेक्षा गोणी पुढं घ्या.”

“तोवर नाव सुटेल.”

“पहिलीलाही असंच पुढं बसवलं होतंत. ती चाकाखाली गेली.”



“ती नाही म्हणाली नव्हती.”

“मी म्हणतेय.”

त्यानं गोणींवरचा दोर सोडायला घेतला.

“जा, नावाड्याला सांग, आमच्यासाठी थांबू नकोस.”