मुळं दाखवा, चाचा

डिसेंबर १९३८. औरंगाबादच्या शहागंजात रोपं विकणाऱ्या मुबारकचाचांसमोर मिशन शाळेच्या सुगंधाबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे माझा नंबर होता.

"बाई, नाताळाला हे सुरूचं झाड न्या. लई उंच हाय, चांदणी शोभंल."

"कुंडीतून काढून मुळं दाखवा, चाचा."

"या अल्ला! तीस वर्सांत कुणी मुळं नाय मागितली."

"मागचं झाड नाताळानंतर शाळेत लावलं, ते उन्हाळ्यात वाळलं. उपटलं तर मुळं कुंडीसारखी गोल, मातीत पसरलीच नव्हती. यंदाचं जगलं नाही, तर पाद्रीसाहेब म्हणतात, पुढच्या साली फांदीच तोडून आणू."

"थांबा... हं. याची बी गोल फिरलीत."

"आणि ते गुडघ्याएवढं?"

"हे बघा, मुळं सरळ हायत. पर पोरं हसतील की!"

"हसू द्या. वर्गात किती दिवस ठेवू?"

"पाचच. मेणबत्तीपासून लांब. बोट घालून बघा, माती सुकली तरच पाणी. अन् खड्डा आजच खणा, त्याला ऊन खाऊ द्या."

"पोरांनी कालच खणलाय."

चाचांनी ते छोटं रोप पुन्हा कुंडीत बसवलं.

"बाई, जरा थांबता का? माझ्या बाकीच्या कुंड्या बी बघून जा."